जोडनकाशाच्या कामात हात देणाऱ्या पॅटर्नमेकर काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमच्या चौथीच्या वर्गासाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा लाकडी जोडनकाशा आपल्या देखरेखीखाली तयार झाला आणि मुले तो आता रोज हाताळत आहेत. समोरासमोर आभार मानू लागले की आपण विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. आपण दाखवलेल्या गोष्टी अशा कामाला हात घालू इच्छिणाऱ्या अन्य शिक्षकांनाही उपयोगी पडाव्यात, हाही त्यामागे हेतू आहे.

नकाशा कापून कोडे बनवण्याची रीत जुनी आहे. लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० च्या दशकात महोगनीच्या फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापले आणि भूगोल शिकवण्यासाठी विकले. आपल्या नकाशातही एकमेकांत अडकणाऱ्या खुंट्या नाहीत, जिल्ह्याची सीमा हाच सांधा आहे. त्यामुळे सारी भिस्त कापणीवर राहते. स्क्रोल सॉचे, म्हणजे बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीचे, पाते किंचित जरी कलले, तरी एका तुकड्याची कड शेजारच्याच्या खाली सरकते आणि मग अमुक जिल्हा आधी बसवल्याखेरीज तमुक बसत नाही.

कोल्हापूरच्या फाउंड्रींसाठी आपण आयुष्यभर लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूचे नमुने, घडवले. वाळूच्या साच्यातून पॅटर्न अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना मुद्दाम उतार द्यावा लागतो, ज्याला आपण ‘ड्राफ्ट’ म्हणता. ‘जन्मभर ड्राफ्ट दिला आणि आता बाई म्हणतात, अजिबात नको,’ असे आपण हसत म्हणालात खरे, पण काटकोनाच्या बाबतीत आपल्याइतका हट्टी माणूस मला दुसरा भेटलेला नाही. गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावून झाल्यावरही आपले समाधान होत नसे. फळीच्या जाड तुकड्यात थोडी चीर पाडायची, तो तुकडा पात्याच्या मागे नेऊन उलटा फिरवायचा आणि तीच चीर पात्याच्या पाठीवर सहज सरकते का ते पाहायचे, ही आपली परीक्षा कोणत्याही मोजपट्टीपेक्षा खात्रीची आहे.

स्क्रोल सॉच्या पात्याचा ताण बोटाने छेडून, त्याच्या स्वच्छ टणत्कारावरून ओळखणे मला आपल्यामुळे जमू लागले. पात्याला घडणीतच एका अंगाने बारीक कंगोरा राहतो, म्हणून सरळ ढकललेली फळी एका बाजूला ओढ घेते आणि तिला जरा तिरकेच धरावे लागते. हे कोणी सांगितले नसते, तर मी यंत्रालाच दोष देत बसले असते. खालच्या टोकाला काही दाते उलटे असलेले पाते वापरल्याने प्लायच्या मागच्या बाजूला चिपा उडत नाहीत आणि कागदी नकाशावर पारदर्शक चिकटपट्टी लावली की कड काळवंडत नाही.

आमची फळी साठ सेंटीमीटर रुंद आणि आपल्या यंत्राचा गळा, म्हणजे पात्यामागची मोकळी जागा, सोळा इंची, म्हणजे फळी पूर्ण फिरवणे अशक्यच होते. आधी सहा महसुली विभाग वेगळे करून मग त्यांतून जिल्हे कापावेत, हा आपला सल्ला यंत्राची अडचण तर सोडवून गेलाच, पण मला धड्याची मांडणीही देऊन गेला. मुले आता आधी विभाग लावतात आणि मग त्यात जिल्हे भरतात. कोकण किनाऱ्यावरची प्रत्येक खाडी कापण्याचा माझा आग्रह आपण मोडून काढलात, तेही योग्यच झाले. सहा मिलिमीटरच्या प्लायमध्ये तितकी नाजूक टोके मुलांच्या हाती आठवडाभरही टिकली नसती.

मात्र मी सर्वाधिक ऋणी आहे ती मुंबईच्या तुकड्यासाठी. अहिल्यानगर १७,०४८ चौरस किलोमीटरचे आणि मुंबई शहर अवघे १५७. आमच्या मापात पहिला तुकडा जवळजवळ तळहाताएवढा येतो, तर दुसरा जेमतेम एक चौरस सेंटीमीटरचा. शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे हे लक्षात घेऊन आपण दोन्ही मुंबई जिल्हे तळफळीवर कायमचे चिकटवायला लावलेत. लहानग्याच्या घशात अडकेल असा तुकडा सुटा ठेवायचाच नाही, हे आपण एकदाच बोललात आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही. त्यामुळे छत्तीस जिल्ह्यांपैकी चौतीसच हलतात. मुलांना त्याचे काही वाटत नाही; उलट मुंबई जागची हलत नाही म्हणून पालघर, ठाणे आणि रायगड शोधायला ती तिथूनच सुरुवात करतात.

यंत्र, पाती, भुशाने भरलेला आपला पडवीचा कोपरा आणि कित्येक शनिवार आपण विनामूल्य दिलेत. प्लायचे पैसे घेतले, तेही मी पावती समोर ठेवल्यावर. यापुढचे काम कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांचे आहे. तुकडे मोठे असल्याने त्यासाठी सागवान वापरावे की प्लायच बरा, हे आपण ठरवावे. कागदावरचा आराखडा तयार आहे, तो घेऊन येत्या शनिवारी दुपारी येते.

आपली कृतज्ञ,
चौथीच्या वर्गाची शिक्षिका