२८ सांध्यांत जबडा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनानिमित्त आपण छापलेलं पान मी दोनदा वाचलं. बोटं, मनगटं, गुडघे, घोटे, सगळ्यांची माहिती त्यात नीट दिली होती. जबड्याचं नाव मात्र कुठेच सापडलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी पीएमपीच्या बसवर कंडक्टर आहे. वय ४७. ऱ्हुमॅटॉइड संधिवात होऊन नऊ वर्षं झाली. तिकिटाच्या मशीनची बटणं दाबताना माझी बोटं दुखतात, हे डेपोत सगळ्यांना ठाऊक आहे, रोजच्या प्रवाशांनाही. सुजलेली बोटं दिसतात. जबड्याची सूज कुणाला दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात हे सुरू झालं. स्वारगेटहून कोथरूडकडे जाणारी पहाटेची फेरी असायची. ‘डेक्कन, गरवारे, नळस्टॉप’ एवढं ओरडायचं म्हटलं तरी तोंड उघडायला तयार नसायचं. नऊ वाजेपर्यंत जरा सैल व्हायचं. कानाच्या अगदी पुढे, दोन्ही बाजूंना ठणका. संधिवातासाठी घेते त्या मेथोट्रेक्सेटच्या गोळीने कधीकधी तोंड येतं, आधी वाटलं त्यातलाच प्रकार असेल. पण तोंडात फोड नव्हते. कानाच्या डॉक्टरांनी थेंब दिले. मग दातांच्या एका दवाखान्यात गेले, तिथे खालची डावी दाढ किडली आहे म्हणून काढून टाकली. ती दाढ मी कागदात बांधून घरी आणली, धुऊन उजेडात धरली. वर एक बारीक काळा ठिपका, बाकी दाढ धडधाकट. ठणका दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथे.

या काळात दर तीन महिन्यांनी माझी संधिवाताची तपासणी चालूच होती. आमचे डॉक्टर मनापासून तपासतात. दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, प्रत्येक बोटाचे दोन-दोन सांधे आणि गुडघे दाबून बघतात, कुठे दुखतं, कुठे सूज आहे ते कागदावर मांडतात. हे एकूण २८ सांधे. पुढे त्यांनाच विचारलं तेव्हा समजलं, की आजार किती जोरात आहे हे ठरवण्याच्या या नेहमीच्या मोजणीत जबडा धरलेलाच नाही. पावलंही नाहीत. मोठी मोजणी ६८ सांध्यांची असते, तिच्यात जबडा येतो. पण बाहेर बाकड्यावर बायका सकाळपासून बसलेल्या असताना ६८ सांधे दाबायला वेळ कुठून आणणार? त्यांनी जबड्याचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला तो दाताचा विषय वाटत होता.

माझं दुखणं ओळखलं ते एका डेंटल कॉलेजातल्या शिकाऊ मुलीने. तिने दोन्ही हातांची बोटं माझ्या कानांच्या पुढे हलकेच ठेवली आणि म्हणाली, ‘मावशी, सावकाश उघडा. आता मिटा.’ वाळूवरून पाट ओढावा तशी करकर माझ्या कानात आली, ती तिच्या बोटांनाही लागली. मग पट्टी लावून पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं. २६ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० किंवा जास्त उघडतं, आपलीच तीन बोटं उभी करून आत जावीत इतकं. माझी दोनही अडकत होती.

‘पुढच्या दातांनी काही तोडता येतं का?’ तिने विचारलं, आणि मला दोरा आठवला. युनिफॉर्मचं बटण लावून झालं की मी दोरा दातांनीच तोडते, वर्षानुवर्षांची सवय. गेले काही महिने तो नुसता दातांतून सुटून येत होता. दाढा टेकायच्या आणि पुढचे दात एकमेकांना लागायचेच नाहीत. मी त्या दोऱ्याला नावं ठेवून कात्री घेत होते.

एक्स-रेत जबड्याच्या दोन्ही बाजूंचे गोल माथे झिजून चपटे झालेले दिसले. तिने समजावलं ते असं: बोटाच्या सांध्यात जे अस्तर असतं, तेच जबड्याच्या सांध्यातही असतं. संधिवातात ते सुजतं आणि शेजारचं हाड खातं. दोन्हीकडची उंची कमी झाली की दाढा आधी टेकतात आणि पुढे फट पडते.

तिची चिठ्ठी घेऊन मी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषध वाढवलं. रात्री लावायची दातांवरची पट्टी मिळाली, जबड्याचे व्यायाम, सकाळी गरम पाण्याच्या फडक्याचा शेक. आता तोंड ३४ मिलिमीटर उघडतं. भाकरी अजून दुधात कुस्करूनच खाते, बाकरवडी चहात बुडवून. झिजलेलं हाड परत येत नाही, हे मला स्पष्ट सांगितलं आहे. दाढ काढली त्याच महिन्यात हे कळलं असतं तर किती वाचलं असतं, हा विचार मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक संधिवाताच्या रुग्णाने लक्षात ठेवावी अशी आहे. गेल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी आधीच सांगितलं, की माझं तोंड कमी उघडतं. त्यांनी लगेच मानेचाही एक्स-रे काढायला लावला, कारण या आजारात मानेचे वरचे मणके सैल होऊ शकतात. श्वासाची नळी कॅमेऱ्याने बघून घालायची तयारी त्यांनी आदल्या दिवशीच केली. मी बोलले नसते, तर ही अडचण त्यांना ऐन टेबलावर कळली असती.

कान दुखला की संधिवातच, असं मी म्हणत नाही. पण ज्यांना हा आजार आहे, आणि तो पुरुषांपेक्षा बायकांनाच जास्त होतो, त्यांनी सकाळी आरशासमोर तीन बोटं तोंडात घालून बघावीत. दातांच्या डॉक्टरांना संधिवात आहे हे सांगावं आणि संधिवाताच्या डॉक्टरांना तोंडाचं सांगावं.

आमच्या डॉक्टरांनी आता माझ्या केसपेपरवर २८ सांध्यांच्या चित्राखाली पेनाने ‘जबडा’ असं लिहून पुढे मिलिमीटर मांडायला सुरुवात केली आहे. पट्टी लावून मोजायला अर्धा मिनिटही लागत नाही. शहरातल्या संधिवाताच्या प्रत्येक ओपीडीत ही ओळ छापील कागदावरच यावी, अशी आपल्या पत्रातून माझी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक बसवाहक, पुणे
(कृपया नाव छापू नये.)