संत्र्याचा प्रश्न परराष्ट्र खात्याचाही आहे

मा. संपादक,

बांगलादेशाचा विषय निघाला की चर्चा तिथल्या माजी पंतप्रधान शेख हसीना आणि घुसखोरी यांच्यापुढे सरकत नाही. बिघडलेल्या संबंधांची किंमत विदर्भ मात्र केव्हापासून मोजतो आहे.

नागपुरी संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. साल सैल, फळ नाजूक. लांबचा समुद्रप्रवास त्याला सोसत नाही, ट्रकने बांगलादेशाच्या हद्दीवरचे बेनापोल नाके गाठता येते. ढाक्याने २०१९ मध्ये किलोमागे २० टका (तिथले चलन) असलेले आयातशुल्क २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेले. तिकडची गाडी थांबली की काटोल-वरूडचा व्यापारी बगीच्याचा सौदा पाडूनच मागतो. उरलेला माल नागपूरच्या कळमना बाजारात येतो आणि भाव आणखी बसतो. तोडणी-वाहतुकीचे पैसेही न सुटलेले बागायतदार आमच्या नात्यागोत्यात आहेत.

यात आपलाही दोष आहे. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३, तीनदा आपण कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. बांगलादेश तेव्हा आपल्या कांद्यावर अवलंबून होता. शुल्कवाढ ही त्याचीच परतफेड, असे इकडे अनेकजण मानतात. ते खरे असो-नसो, भरवसा गेला हे नक्की.

दुसरी चूक याहून मोठी. हसीनांनी ईशान्येतल्या बंडखोरांना थारा दिला नाही, २०१५ मध्ये भूसीमेचा प्रश्न मिटला. हे ऋण मान्यच. पण विरोधकांनी निवडणुकांवर बहिष्कार टाकला तरी दिल्लीची सारी भिस्त हसीनांवरच राहिली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी सत्ता सोडून त्या भारतात आल्या, आणि त्यांच्यावरचा तिथल्या तरुणांचा राग आपल्याही वाट्याला आला. तिथल्या हिंदूंवर हल्ले झाले. त्याबद्दल ठणकावून बोललेच पाहिजे. पण ऐकून घेणारी माणसे तिथल्या सगळ्या पक्षांत जोडलेली असतील तरच त्या बोलण्याला वजन येते. २०२५ मध्ये ढाक्याने जमिनीवरून येणारे आपले सूत अडवले, आपण त्यांचे तयार कपडे. सुताचा उठाव घटला की झळ कापसापर्यंत येते, हे यवतमाळ-वर्ध्याला सांगायला नको.

१९९६ च्या गंगा पाणीवाटप कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे. त्यानिमित्ताने होणाऱ्या बोलण्यांत नाशवंत शेतमालाचाही विषय घ्यावा: पूर्वसूचनेशिवाय ना निर्यातबंदी, ना शुल्कवाढ. विदर्भाच्या खासदारांनी अनुदानाच्या घोषणांवर समाधान न मानता हे परराष्ट्र मंत्रालयाकडे लावून धरावे.

– एक वाचक, नागपूर