केसपेपरच्या झेरॉक्सचा दर ठरवून द्या

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, उभा जन्म यंत्रमागावर काढला. गेल्या पावसाळ्यात ते एका खासगी दवाखान्यात अकरा दिवस ॲडमिट होते. घरी आले, पण क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) काही उतरेना. कुणीतरी पुण्याचे किडनीचे डॉक्टर सुचवले, म्हणून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून गेलो. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि विचारलं, "अँटिबायोटिक कोणतं दिलं होतं? किती दिवस? लघवी रोज किती होत होती?" कार्डावर यातलं काहीच नव्हतं. "ॲडमिट असतानाचे सगळे पेपर घेऊन या," म्हणाले.

परत आल्यावर दवाखान्यात अर्ज दिला. दोन दिवसांनी बोलावलं. दोऱ्याने बांधलेली फाइल काउंटरवर ठेवली, ८६ पानांची. फाइल काढायचे १५०० आणि पानाला १० रुपये, म्हणजे २३६०. दर कुठे लिहिलाय, असं विचारलं तर उत्तर आलं, "ताई, आमच्याकडे हाच रेट आहे." मी म्हटलं, समोरच्या दुकानात दोन रुपयांत झेरॉक्स निघते, तुमचा माणूस बरोबर द्या, त्याच्यासमोर काढून घेते. तेही नाही. पगार होईपर्यंत थांबावं लागलं. त्यात नऊ दिवस गेले. पावती मिळाली तिच्यावर एकच शब्द होता : 'इतर'.

त्या ८६ पानांत काय होतं? रात्रपाळीच्या सिस्टरने तासातासाला लिहिलेलं बीपी, लघवीचं माप, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं ते. पुण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनांच्या तक्त्यावर बोट ठेवलं, मग अण्णांची चालू औषधं पाहिली आणि त्यातली एक गोळी तिथल्या तिथे बंद केली. हे नऊ दिवस आधी व्हायला हवं होतं. तेवढे दिवस अण्णा ती गोळी घेतच होते.

कागद मिळण्याचा हक्क नाही असं कुणी म्हणू शकत नाही. रुग्णाने किंवा जवळच्या नातेवाइकाने मागितल्यावर केसपेपरच्या प्रती द्यायलाच हव्यात, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलं. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीत त्यासाठी ७२ तासांची मुदत आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २०१८ची रुग्णहक्क सनदही हेच सांगते. पण पैशांची गोष्ट आली की न्यायालयाच्या निकालात 'आवश्यक' आकार आणि सनदेत 'योग्य' शुल्क एवढंच. आवश्यक म्हणजे किती आणि योग्य म्हणजे किती? हे काउंटरवरचा माणूस ठरवतो, आणि समोर उभा असतो तो घाबरलेला नातेवाईक. त्याला घासाघीस करता येत नाही, कारण पेशंटचे उपचार पुढेही तिथेच चालू राहायचे असतात.

माहिती अधिकारात सरकारी कागदाची प्रत पानाला दोन रुपयांत मिळते, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. त्या हिशेबाने अण्णांच्या फाइलचे १७२ रुपये झाले असते. ब्रिटनमध्ये पूर्वी अशा प्रतींसाठी ५० पौंडांपर्यंत आकारता येत असे. २०१८ पासून पहिली प्रत मोफत झाली. मी मोफत मागत नाही. कागद-शाईला खर्च येतो, फाइल शोधायला माणूस लागतो, हे मला कळतं. पण रेकॉर्ड ठेवणं हे दवाखान्याचंच काम आहे आणि त्याचा खर्च आम्ही बिलात एकदा भरलेला असतो. 'फाइल काढायचे' पैसे वेगळे कशाला?

हा प्रश्न शहरापुरता नाही. इथल्या दवाखान्यांत अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, उमरगा, पलीकडच्या इंडीहूनही माणसं येतात. त्यांना 'परवा या' सांगणं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. विम्याचा दावा असो, ग्राहक आयोगात तक्रार असो, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असो, आधी हेच कागद लागतात. शिवाय नियमावलीप्रमाणे फाइल तीन वर्षंच सांभाळायची असते. पैशांअभावी कुणी त्याहून जास्त थांबलं तर मागण्यासारखं काही उरेलच असं नाही.

आपल्याच खात्याने २०२१मध्ये शुश्रूषागृह (खासगी दवाखाने) नोंदणीचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं त्यात आलं. त्याच नियमांत प्रतींचा कमाल दर घाला. पानाला दोन रुपये. सीडी किंवा पेनड्राइव्हवर दिलं तर त्या वस्तूची किंमत, मोबाइलवर पीडीएफ पाठवली तर काहीच नाही. फाइल काढण्याचा, शोधण्याचा वेगळा आकार बंद. बिल थकलंय म्हणून कागद अडवायचे नाहीत. पिवळ्या रेशनकार्डावर मोफत. आणि हा दर त्याच दरपत्रकावर, मराठीत, काउंटरसमोर दिसेल असा लावायचा. जास्त घेतले तर जादा रक्कम परत मिळावी आणि त्याची तक्रार महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे साध्या अर्जावर करता यावी.

'इतर' लिहिलेली ती पावती मी जपून ठेवली आहे. आपल्या कार्यालयाने मागितली तर अण्णांच्या संमतीने तिची प्रत लगेच पाठवीन.

आपली,
टॉवेल कारखान्यातली एक हिशेबनीस,
सोलापूर