सिक आणि इल, दोन्हींपुढे तू 'आजारी' लिहिलंयस

लीड्स
रविवार, संध्याकाळ

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो रात्रपाळी संपवून बसमध्ये बसल्यावर बघितला. दोन रकाने आखून शब्दांच्या जोड्या लिहिल्यास, अक्षर अगदी आबांचं. हिअर-लिसन, बॉरो-लेंड, अफेक्ट-इफेक्ट, सगळं बरोबर आहे. फक्त सिक आणि इल या दोन्हींपुढे तू 'आजारी' लिहिलंयस, आणि ते वाचून मला इथला पहिला महिना आठवला. फोनवर आई मध्येच फोन घेते आणि विषय जेवणावर जातो, म्हणून बसून लिहितेय.

वॉर्डात रात्रीचे तीन वाजले असतील. खिडकीजवळच्या आजीबाई म्हणाल्या, "आय हॅव बीन सिक, लव्ह." मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, हो, म्हणून तर इथे आलाय, बऱ्या व्हाल. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मी पुन्हा धीर दिला. तिसऱ्यांदा त्यांनी पांघरूण बाजूला केलं, तेव्हा मला दिसलं. त्यांना उलटी झाली होती आणि इतका वेळ त्या तशाच ओल्यात पडून होत्या. उलटीसाठीचं पुठ्ठ्याचं भांडं पलीकडच्या टेबलावर, त्यांच्या हाताला न लागेल असं. मी चादर बदलत होते आणि सॉरी त्याच म्हणत होत्या. ते मला अजून लागून राहिलंय.

तर इथे 'बीन सिक' म्हणजे उलटी झाली. 'फील सिक' म्हणजे आपली आज्जी म्हणते तसं, "मळमळायलंय". तब्येत बरी नसेल तर 'इल', नाहीतर इकडची माणसं 'पुअर्ली' म्हणतात. त्याचा गरिबीशी काही संबंध नाही. आजारपणाच्या रजेवर असेल तर मात्र 'ऑफ सिक'. अमेरिकेत सिक म्हणजे सरळसरळ आजारी, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून तयारी करतेयस तर हे आधीच ध्यानात ठेव.

बाकीच्या बऱ्याच जोड्यांना तू उगाच घाबरतेयस असं मला वाटतं, कारण तो फरक आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. देवळातली घंटा आपल्याला अंथरुणात ऐकू येते, ते हिअर. आबा बातम्या ऐकतात, ते लिसन. गच्चीवरून ज्योतिबाचा डोंगर दिसतो, ते सी, आणि आज्जी हात जोडून त्याच्याकडे बघते, ते लुक ॲट. शेजारच्या काकू वाटीभर साखर उसनी नेतात, आई उसनी देते. आपल्याकडे 'उसनं' एकच, घेतलं की दिलं ते क्रियापद सांगतं. इंग्रजीत ते शब्दाच्या पोटातच आहे: काकू बॉरो करतात, आई लेंड करते. अफेक्ट म्हणजे परिणाम करणं, इफेक्ट म्हणजे झालेला परिणाम. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

खरं फसायला होतं ते आपण इंग्रजी शब्द घेऊन त्याला आपला अर्थ लावलाय तिथे. 'डाऊट' घे. राजारामपुरीतल्या क्लासमध्ये आपण हात वर करून म्हणायचो, "सर, एक डाऊट आहे." इथे मी एका डॉक्टरांना औषधाच्या डोसबद्दल तसंच म्हटलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, तुला यात काय चुकीचं वाटतंय? मला फक्त विचारून घ्यायचं होतं. डाऊट म्हणजे इथे संशय. विचारायचं असेल तर 'क्वेश्चन' म्हण. ओईटीच्या, म्हणजे तुझ्या नर्सिंगसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, रोल-प्लेमध्ये तुला पेशंटशी बोलायचंय, तिथे हे तोंडून जाऊ देऊ नकोस. आणि रायटिंगच्या पत्रात 'डिस्चार्ज' लिहिताना वाक्य नीट बांध. पेशंट घरी जातो तोही डिस्चार्ज आणि जखमेतून येतो तो स्रावही डिस्चार्ज.

यॉर्कशायरमध्ये तर 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत' असाही अर्थ चालतो. कुणी "नाइन व्हाइल फाइव्ह" म्हणालं तर नऊ ते पाच. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत गं. इथे आल्यावर विचारायला लाजू नकोस, एवढंच.

एक जोडी मात्र रोज म्हण. हायपो आणि हायपर. ग्रीकमध्ये हायपो म्हणजे खाली, हायपर म्हणजे वर. घाईत, मास्कमधून, दोन्ही ऐकायला एकच वाटतात आणि उपाय अगदी उलटे. हायपो म्हणजे रक्तातली साखर खाली गेलेली, हायपर म्हणजे वाढलेली. खाली गेलेल्याला लगेच ज्यूस किंवा ग्लुकोज लागतं, 15-20 ग्रॅम साखर पोटात जाईल एवढं, आणि 10-15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्याला हायपर समजून कुणी इन्सुलिन दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून मी नुसता शब्द ऐकून हलत नाही, आकडा विचारते. इथे आकडेही वेगळे असतात, आपल्या मीटरवरच्या आकड्याला 18 नं भागायचं. 'फोर इज द फ्लोअर' म्हणतात, म्हणजे 4 च्या खाली गेलं की हायपो. आपल्याकडचे ते साधारण 72.

परवा आई फोनवर म्हणाली, "शुगर जरा इकडं-तिकडं झाली होती." इकडं म्हणजे खाली की वर, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही घाईत विचारलं नाही. पत्र हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून उद्या फोन करतेच, पण तोवरचे सकाळचे आकडे वहीत लिहून ठेव. वेळ आणि त्याआधी काय खाल्लं तेही लिही. आणि घाम सुटला, हात थरथरायला लागले असं ती कधी म्हणाली, तर आधी मीटर लाव. तेही जवळ नसेल तर साखरपाणी दे आणि मग मला फोन कर, इथे कितीही वाजलेले असोत.

आबांना, आज्जीला नमस्कार. चटणीचा डबा पोचला, झाकण सुटलं नव्हतं.

तुझी,
ताई