अनुदान संपल्यानंतर सार्वजनिक इमारतींचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक इमारतींचे कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठी ब्रिटनमध्ये २०२० साली सुरू झालेली अनुदान योजना चालू चौथ्या टप्प्यानंतर बंद करण्याचा निर्णय तेथील सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केला. या टप्प्यातील कामे मार्च २०२८ पर्यंत चालतील. शाळा, रुग्णालये आणि नगर परिषदांच्या इमारती उबदार ठेवणारे गॅसचे बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता आत आणणारे, विजेवर चालणारे यंत्र) बसवणे, भिंती व छतांना उष्णतारोधक थर देणे अशा कामांना तिचा आधार होता. २०१७ च्या तुलनेत २०३७ पर्यंत या इमारतींचे उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ब्रिटन सरकारनेच ठरवले होते. त्यासाठीचा पैसा आता कुठून यावा, याविषयी काही मुद्दे मांडू इच्छितो.

‘बचतीतून कर्ज फेडा’ हे उत्तर सर्वांत आधी सुचवले जाते आणि ते निम्मेच खरे आहे. एलईडी दिवे, स्वयंचलित नियंत्रणे आणि छतावरील सौर पॅनेल यांचा खर्च काही वर्षांत वीजबिलातून वसूल होतो. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. उष्णतेचे गणित मात्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटपेक्षा साधारण चौपट महाग पडते, तर चांगला हीट पंप एका युनिट विजेतून सुमारे तीन युनिट उष्णता देतो. म्हणजे बॉयलर काढल्यावर उत्सर्जन भरपूर घटते, पण बिल घटेलच असे नाही, उलट थोडे वाढूही शकते. जिथे बचतच नाही तिथे बचतीतून हप्ता कसा भरणार? सरकारी धोरणांचा खर्च भागवण्यासाठी विजेच्या दरावर लादलेले अधिभार हटवणे हा यावरचा खरा उपाय आहे, आणि तो शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या हातात नसून सरकारच्या हातात आहे.

तोपर्यंत संस्थांनी एक पथ्य पाळावे. दिवे आणि सौर पॅनेल यांची कामे आधी वेगळी उरकून त्यांची बचत रोजच्या खर्चात जिरवू नये. लोणी आधी खाऊन संपवले, की उरलेल्या ताकावर कोणी कर्ज देत नाही. लवकर वसूल होणारी आणि उशिरा वसूल होणारी कामे एकाच प्रस्तावात बांधली, तर पहिल्यांची बचत दुसऱ्यांचा भार काही प्रमाणात उचलते.

ही बचत राखण्यासाठी फिरता निधी हे जुने आणि पारखलेले साधन आहे. जर्मनीतील स्टुटगार्ट शहराने १९९५ पासून ते वापरले आहे: पर्यावरण विभाग अन्य विभागांच्या इमारतींत गुंतवणूक करतो आणि त्या विभागांच्या ऊर्जाखर्चातील बचत, मूळ रक्कम वसूल होईपर्यंत, निधीत परत येते. ब्रिटनमध्येही अनुदानाच्या आधी सॅलिक्स ही सरकारी संस्था सार्वजनिक संस्थांना बिनव्याजी कर्ज देत असे. अडचण तंत्राची नसून लेखाशीर्षांची, म्हणजे हिशेबातील खर्चाच्या वेगवेगळ्या खात्यांची आहे. गुंतवणूक भांडवली खर्चातून होते आणि बचत महसुली खर्चात दिसते. बिल कमी झाल्याचे लक्षात येताच वित्त विभाग पुढील वर्षी त्या शीर्षाची तरतूदच कापतो, म्हणजे ज्याने काटकसर केली त्याच्याच हातून पैसा जातो. बचत किमान परतफेडीच्या काळापुरती त्या निधीतच राहील, असा लेखी नियम आणि शिल्लक वर्षअखेरीस रद्द न होणारे स्वतंत्र खाते, एवढ्या दोन गोष्टी नसतील तर फिरता निधी एकदाच फिरून थांबतो.

खासगी ऊर्जासेवा कंपनीकडून, म्हणजे स्वतः पैसा घालून बचतीची हमी देणाऱ्या आणि त्या बचतीतून मोबदला घेणाऱ्या कंपनीकडून, काम करून घेण्याचा मार्गही आहे. बर्लिनने १९९६ पासून अशा भागीदारीत अनेक इमारतींचे गट करून निविदा काढल्या, कारण एकट्या छोट्या शाळेसाठी कोणी कंपनी येत नाही. फ्रान्सने मार्च २०२३ मध्ये कायदा करून सार्वजनिक इमारतींच्या ऊर्जा-नूतनीकरणाचे पैसे काम झाल्यावर टप्प्याटप्प्याने फेडण्याची मुभा दिली. या करारांत भांडण होते ते मोजमापावरून: कामाआधीचा वापर नीट नोंदवलेला नसेल, किंवा नंतर रुग्णालयात नवा विभाग सुरू झाला असेल, तर हमी दिलेली बचत झाली की नाही हे ठरवता येत नाही. दुसरा धोका थकबाकीचा. भारतात एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी उपक्रमातील कंपनीने स्वतः पैसा घालून पथदिवे बदलले, परंतु अनेक स्थानिक संस्थांकडून तिचे येणे वेळेवर आले नाही. हप्ता थकवणाऱ्या संस्थेच्या पुढच्या कामाला गुंतवणूकदार मिळणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

वेळेचा मुद्दा मला या सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आयुष्य संपत आलेला बॉयलर आज ना उद्या बदलावाच लागतो, आणि त्याच्या जागी तसाच नवा बसवण्याचा खर्च संस्थेला तसाही करावा लागतो. म्हणून हीट पंपाच्या संपूर्ण किमतीसाठी नव्हे, फक्त वरच्या फरकासाठी पैसा उभा करायचा असतो. पण भर हिवाळ्यात बॉयलर बंद पडला, की चौकशीला वेळ नसतो. आठवड्याभरात तसलाच दुसरा बसतो आणि पुढची १५-२० वर्षे तेच इंधन जळत राहते. प्रत्येक इमारतीतील बॉयलरचे वय, वीजजोडणीची क्षमता आणि सध्याचे रेडिएटर (गरम पाण्याने खोली तापवणारी उपकरणे) हीट पंपाच्या कमी तापमानाच्या पाण्यावर चालतील का, याची पाहणी फारशी महाग नाही. उरलेल्या अनुदानाचा काही भाग नव्या यंत्रांऐवजी या पाहणीसाठी आणि निविदेची कागदपत्रे तयार ठेवण्यासाठी राखून ठेवावा, आणि हे काम मार्च २०२८ च्या आत पुरे करावे.

आपला,
एक वाचक