प्लंबरभाऊ, आईच्या गरम पाण्यासाठी मनापासून आभार

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुम्ही काम संपवून निघालात तेव्हा गणपतीच्या चवथीची गडबड सुरू होती, अंगणात मूर्तीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान येऊन पडलं होतं. नीट आभार मानायचे राहून गेले. ते आता मानते, आणि सगळ्यांना वाचता येतील असे मानते, कारण आमच्या न्हाणीत जे झालं ते गोव्यातल्या आमच्या फोंड्यात आणखी बऱ्याच घरांत होत असणार.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचं घर जुनं, कौलारू. मागच्या बाजूला स्लॅब घालून न्हाणी बांधलेली आणि त्या स्लॅबवरच थंड पाण्याची टाकी व पाणी तापवणारा सोलर. टाकी शॉवरपासून जेमतेम दोन मीटर उंच. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे आम्हाला त्याचा पाचवा हिस्सा. शॉवरची नुसती धार लागायची. म्हणून आधीच्या कारागिराने थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवून दिला. थंड पाणी जोरात यायला लागलं आणि गरम पाणी गेलं. वर तो पंप रात्रभर घुं घुं करत चालू. पावसात सोलरला ऊन नाही, म्हणून सोलरच्या टाकीतली विजेची कॉइल लावलेली; तीही सतत चालू आणि पाणी मात्र कोमट. कॉइल बदलून झाली, थर्मोस्टॅट बदलून झाला. शेवटी भिंतीत पाइप फुटला असणार, टाइल्स फोडाव्या लागतील, असं ठरत आलं होतं.

तुम्ही आलात आणि हत्यारांची पिशवी दारातच ठेवलीत. "पयलीं उदक पळोवया, मागीर पंप," म्हणजे आधी पाणी बघू, मग पंप, एवढंच म्हणालात. आणि मग जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही आईला विचारलंत, "आजी, तुम्ही आंघोळ कशी करता ती सांगा बघू."

आम्ही सगळे बिघाडाबद्दल बोलत होतो. आंघोळीबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं. आई स्टुलावर बसून टेलिफोन शॉवरने अंगावर पाणी घेते. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली आहेत, गोल नॉब पिळता येत नाहीत. म्हणून गरम आणि थंड दोन्ही नॉब कायम उघडे आणि पाणी चालू-बंद करायचं ते शॉवरच्या दांड्यावरच्या बटणाने. हे ऐकून तुम्ही मान डोलावलीत आणि थेट शिडीवर चढलात.

वर टाकीचं झाकण काढून तुम्ही कोपरापर्यंत हात आत घातलात आणि मला वर बोलावून तेच करायला लावलंत. भर पावसाळ्यात थंड पाण्याच्या टाकीतलं पाणी ऊन होतं! सोलरला पाणी जातं त्या तोंडापाशी तर चांगलंच. तेव्हा तुम्ही विचारलंत, रात्रभर पंप चालून टाकी रिकामी होते का? होत नव्हती. भिंतीला ओल? नव्हती. "मग गळती नाही. पाणी घरातल्या घरात फिरतंय."

खाली येऊन तुम्ही सोलरकडून येणारा व्हॉल्व्ह बंद केलात आणि बेसिनचा गरम नळ उघडलात. खरं तर एक थेंब यायला नको होता. पाणी आलं, गार आणि जोरात. मग शॉवरचे दोन्ही नॉब तुम्ही फिरवून बंद केलेत आणि बेसिनची धार तिथल्या तिथे थांबली. इतकी साधी परीक्षा, पण ती पाहिल्यावर कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. पंपाचा जोर असलेलं थंड पाणी, शॉवरला गरम-थंड एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसत होतं, तिथून उलटं सोलरच्या टाकीत आणि सोलरमधून परत वरच्या टाकीत. कॉइल तापवत होती आणि पंप ते गरम पाणी वरच्या टाकीत ढकलत होता. शंभर लिटर पाणी 27 अंशांवरून 45 पर्यंत न्यायला दोन युनिटांहून थोडी जास्तच वीज लागते, हा हिशेब मी नंतर केला. बिल का वाढलं होतं ते तेव्हा समजलं.

माझ्या दिरांचं म्हणणं होतं की पंप टाकीच्या तोंडाशीच घालावा, म्हणजे थंड आणि सोलर दोन्हीला सारखा जोर मिळेल. तुम्ही त्यांना वरचा हवेचा पाइप दाखवलात. सोलरची ही टाकी दाबाची नाही. जोर लावला तर पाणी या पाइपातून बाहेर उडेल आणि टाकीलाही धोका. पाणी उलटं जाऊ न देणारा नुसता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला तर रात्रीचा पंप थांबेल, पण थंडाचा जोर गरम पाण्याला शॉवरपर्यंत येऊच देणार नाही. म्हणून सोलरमधून पाणी जिथे खाली उतरतं तिथे गरम पाण्याला चालणारा, तेवढ्याच दाबाचा दुसरा पंप आणि मिक्सरच्या आधी दोन्ही लाइनना एकेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. स्वस्तातला उपाय सांगून तुम्हाला लवकर मोकळं होता आलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत.

गरम लाइनमधला पीव्हीसीचा तुकडाही तुम्ही आपणहून बदललात. पीव्हीसी 60 अंशांच्या वर टिकत नाही, सीपीव्हीसी 93 पर्यंत चालतो, आणि उन्हाळ्यात सोलरचं पाणी 60 च्या वर सहज जातं. पाइपला मध्ये कुबड राहू नये म्हणून तुम्ही किती वेळ खटपट केलीत तेही मी पाहिलं. गरम पाण्यातली हवा तिथे साठते आणि पंप नुसता फिरत राहतो, हे मला तुमच्याकडून कळलं. ओपाहून येणारं नळाचं पाणी पावसात लालसर येतं, त्याचा गाळ पाणी गाळणाऱ्या जाळीत बसला होता. तो तुम्ही जुन्या टूथब्रशने घासून काढलात आणि पावसाळाभर मधून मधून जाळी धुवायला सांगितलंत. धुते आहे.

दोन गोष्टींचे आभार वेगळे मानायचे आहेत. पंप बसवून झाला तरी इलेक्ट्रिशियन येऊन 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, लावून अर्थिंग तपासेपर्यंत तुम्ही कुणाला आंघोळीला जाऊ दिलं नाहीत. आम्हाला घाई होती, घरात पाहुणे होते. तुम्ही ठाम राहिलात. ओल्या न्हाणीत बसून आंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी याहून मोठी काळजी कोणती?

आणि दुसरी, ते गोल नॉब. न सांगता तुम्ही ते काढून लांब दांड्याचे लिव्हर बसवलेत, आईला स्टुलावर बसूनच तळहाताने ढकलून बघायला लावलंत, उंची जुळत नव्हती म्हणून स्टूलही सरकवलंत. शॉवरच्या रबरी नळीवर दिवसरात्र दाब राहिला तर ती फुटते, म्हणून आंघोळ झाली की दोन्ही बंद करायचे, हे तुम्ही तिला समजावलंत. ती ते नेमाने करते. लहानपणी चुलीवरच्या तांब्याच्या भाणातलं, म्हणजे मोठ्या हंड्यातलं, कढत पाणी घेऊन आंघोळ केलेली बाई आहे ती. कोमट पाण्याने तिचे सांधे दुखायचे आणि ती कुणाला सांगायची नाही. आता सांगते, पाणी कसं छान लागतं ते.

शेजारच्या काकूंच्या घरीही पंप रात्री चालतो. त्यांना ती बेसिनची परीक्षा मी करून दाखवली, पाणी गारच आलं. तुमचा नंबर त्यांना दिला आहे, फोन येईल. त्यांच्याकडे याल त्या दिवशी जेवायला आमच्याकडे या. आईने निक्षून सांगितलंय.

आपली कृतज्ञ,
फोंड्याच्या सोलरवाल्या आजींची लेक