धाकटीच्या वजनाबाबत आईस

लिस्बन

तीर्थरूप आईस,

शिरसाष्टांग नमस्कार. कुडाळचे घर बंद करून तू धाकटीच्या बाळंतपणासाठी म्हापशाला राहिली आहेस, म्हणून पत्र तिथेच पाठवत आहे. पाकीट मात्र तूच उघड, कारण वजनाचा विषय निघाला की तिचे डोळे भरतात.

परवा व्हिडिओ कॉलवर तिने लग्नातले पोलके अंगाला लावून दाखवले. हूक चार बोटे लांब राहतात. आठवडाभर रात्रीची पेज बंद केल्याचेही तिने हळूच सांगितले. दीड महिन्याच्या बाळंतिणीने उपाशी झोपावे, हे मला मुळीच पटत नाही.

अंगावर पाजले की चरबी आपोआप झडते, असे शेजारणीने तिला सांगितले आहे आणि ते अर्धेच खरे आहे. प्रसूतीच्या दिवशीच बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाच-सहा किलो उतरतात, नंतर अंगात साचलेले पाणी निघून जाते, पाजताना कळ येऊन गर्भाशय आकसते. परंतु गरोदरपणी साठलेली चरबी ही दुधासाठीचीच शिल्लक असते आणि ती सावकाश खर्च होते. दिवसाला पाऊण लिटर दूध तयार होण्यास सुमारे ५०० कॅलरी लागतात, तशीच भूकही वाढते. आपल्याकडचे पोषणतज्ज्ञ पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जादा घेण्यास सांगतात, ते उगाच नव्हे. माझा काटा तर पहिले चार महिने हललाच नाही. पुढे हलला, त्याचे श्रेय पाजण्याला द्यावे की बाबागाडी ढकलत चढलेल्या इथल्या चढणींना, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता तुझ्याविषयी. तिला दिवसाला तीन डिंकाचे लाडू आणि वर भातावर तुपाची धार, हे जरा जास्त होते. एकच लाडू राहू दे. शुक्रवारच्या बाजारातून नाचणी आणून तिचे तिजाण दे, हळिवाची खीर दे, उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर डाळ किंवा मासळीची कढी असू दे. दूध नीट बसल्यावर, आणखी महिन्याभराने, तिने संध्याकाळी चालायला लागावे. आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक उतरवण्याची घाई तेव्हाही नको.

पोलके शिंप्याकडे दे. दोन्ही कुशींना दोन-दोन बोटे कापड आत दुमडलेले आहे, ते मी शिवतानाच राखून ठेवायला सांगितले होते.

तुझी,
मोठी